थ्री पिन सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात पेठेत आईवडिलांचं घर, १९७० च्या आसपासची तीन मजली बिल्डिंग, दुसरा मजला. निम्मे सॉकेट जुने टू पिन, बाकीचे मधे कधीतरी बदलून थ्री पिन केलेले. नवीन वॉशिंग मशीन आणलं तर बॉडीला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन येऊन बघून गेला, म्हणाला अर्थिंगच नाहीये घरात, सॉकेटमधेच अर्थ न्यूट्रलला लूप करून देतो, पाच मिनिटांचं काम, तीनशे रुपये द्या. करून घेऊ का?

नाही. करून घेऊ नका, आणि त्याने तुमच्या वडिलांना पटवून आधीच करून टाकलं असेल तर आजच काढायला लावा. का ते सांगतो, थोडं लांबेल पण वाचा.

मी तीस वर्षं वायरिंगची कामं करतोय, त्यातली बरीचशी असल्याच जुन्या घरांतली. त्यामुळे तुमचा बोर्ड न बघताच आत काय असणार याचा अंदाज आहे. लाकडी बोर्ड, तपकिरी बॅकेलाइटचे स्विच, मागे काळ्या रबराची वायर आणि तिच्यावर सुती कापडाचं विणलेलं कव्हर. ती वायर जरा वाकवली की रबर जुन्या पापडासारखं कडकन तुटतं आणि आतली तांब्याची तार उघडी पडते, म्हणून असला बोर्ड उगाच उघडायचा नाही, उघडला तर पुढचं काम करायच्या तयारीनेच उघडायचा. भिंतीवर लाकडी पट्टीला क्लिपा मारलेली बॅटन वायरिंग किंवा केसिंग-कॅपिंग असेल आणि त्यातून दोनच वायरी येत असतील, फेज आणि न्यूट्रल. त्या काळी लाइट, पंखा, रेडिओ एवढंच चालायचं, तिसरी वायर टाकायची तसदी फार कमी लोक घ्यायचे.

मग नंतर फ्रिज आला, त्याचा थ्री पिन टॉप जुन्या सॉकेटमधे जाईना, म्हणून कोणीतरी नुसतं सॉकेट बदललं. मागे वायरी दोनच. असं सॉकेट खोललं की एक गंमत दिसते, फेज आणि न्यूट्रलचे स्क्रू काळे पडलेले, पेचकसाने खरवडलेले, आणि अर्थच्या टर्मिनलचा पितळी स्क्रू मात्र दुकानातून आणल्यासारखा नवाकोरा. वीस वर्षांत त्याला कोणी हातच लावलेला नसतो. वरचं मोठं भोक नुसतं शोभेला. खरं तर ती पिन जाड आणि लांब ठेवलीय ती उगाच नाही, टॉप घालताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा म्हणून. पण मागे काही जोडलेलंच नसेल तर ती पिन पितळेची काय आणि प्लॅस्टिकची काय.

आता तुमच्या झिणझिण्या. याची दोन कारणं असू शकतात आणि ती वेगवेगळी आहेत. हल्लीच्या मशीनमधे, कॉम्प्युटरमधे, लॅपटॉपच्या काही चार्जरमधे आत फिल्टर असतो, त्यातले छोटे कपॅसिटर फेजकडून आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ असेल तर त्यातून येणारा थोडासा करंट गुपचूप जमिनीत जातो. अर्थ नसेल तर बॉडी मधल्यामधे लटकते, २३० च्या साधारण निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. ऐकायला भयंकर वाटतं पण करंट अगदी किरकोळ, मिलिअँपच्या आतबाहेर. बोटाची मागची बाजू बॉडीवरून हलकेच फिरवली की पत्रा खरखरीत लागतो, ते हेच. याने माणूस मरत नाही. पण दुसरं कारण म्हणजे खरी गळती, हीटरचा एलिमेंट फुटलाय, मोटरचं वाइंडिंग बॉडीला लागलंय, उंदराने वायर कुरतडलीय, आणि त्याने मरतो. सुरुवातीला दोन्ही सारखेच वाटतात. म्हणून "थोडंच लागतं हो, चप्पल घालून धुतो आम्ही कपडे" हे म्हणू नका, नक्की कारण कळेपर्यंत मशीन चालू असताना त्याला अंग लावू नका, मशीनमधून कपडे काढताना त्याचा प्लग सॉकेटमधून काढून ठेवा.

आता त्या लूपचं. न्यूट्रल हा तसा ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेलाच असतो, मग सॉकेटमधे एक इंचाचा तुकडा टाकून अर्थ न्यूट्रलला जोडला तर बिघडलं कुठे, असा त्या इलेक्ट्रिशियनचा हिशोब. आणि खरंय, सगळं नीट असेल तोवर झिणझिण्या लगेच थांबतात, गिऱ्हाईक खूष. घोळ होतो न्यूट्रल तुटतो तेव्हा. आणि जुन्या घरात न्यूट्रल तुटायची सोय करूनच ठेवलेली असते, कारण मेन स्विचमधे किटकॅट (चिनी मातीचे फ्यूज) दोन असतात, एक फेजला आणि एक न्यूट्रलला. दोन्हीत फ्यूजची तार. कोणती आधी उडेल हे नशिबावर.

एक उदाहरण माझ्या डोळ्यासमोरचं आहे. असंच जुनं घर, फ्रिजच्या सॉकेटला कोणीतरी लूप मारून दिलेला. एका संध्याकाळी न्यूट्रलचा किटकॅट उडाला. दिवे गेले, पंखा बंद, फ्रिज बंद. घरातल्यांना वाटलं लाइट गेली. पण फेज तर येतच होता ना! तो चालू ठेवलेल्या बल्बमधून, पंख्यातून न्यूट्रलच्या वायरीत उतरला, पुढे जायला रस्ता नाही, मग त्या एक इंचाच्या तुकड्यातून फ्रिजच्या बॉडीवर. अंधारात काकू अनवाणी दूध काढायला गेल्या आणि हँडलला हात लावला. झटक्याने मागे फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या, मूठ आवळली गेली असती तर सुटली नसती. मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा फ्रिज अगदी ठणठणीत होता, त्यात काहीही बिघाड नव्हता. लूपचं हेच वाईट आहे, चांगलं यंत्र मारकं होतं, आणि तेही घरात अंधार असताना, म्हणजे जेव्हा माणूस बिनधास्त हात लावतो तेव्हा. शिवाय जुन्या वायरिंगमधे फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले पण सर्रास सापडतात, तिथे लूप मारला की बॉडीवर थेट फेज, मधे काहीच नाही.

दुसरा जुगाड म्हणजे नळाच्या पाइपला अर्थ बांधणं. पूर्वी जस्ताचा लोखंडी पाइप थेट जमिनीत जायचा म्हणून चालून जायचं. आता खालच्या मजल्यावरच्यांनी बाथरूम नवीन केलं, मधला तुकडा प्लॅस्टिकचा टाकला, की वरच्या सगळ्या मजल्यांचा पाइप अधांतरी. वरच्याच्या गिझरची गळती मग मधल्या मजल्यावर अंघोळ करणाऱ्याला नळातून भेटते. दोन्ही घरांना एकमेकांच्या वायरिंगचा पत्ताच नाही. आणि गॅसच्या पाइपला तर चुकूनही नको, बांधलेलं बघितलंय म्हणून सांगतोय.

मग करायचं काय. लोक आधी अर्थिंगच्या मागे लागतात, मी क्रम उलटा सांगतो. या आठवड्यात आरसीसीबी बसवा, अर्थिंग त्यानंतर सावकाश.

आरसीसीबी म्हणजे ज्याला दुकानदार अजून ईएलसीबी म्हणतात तो. तो एवढंच बघतो की फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का. कमी आला म्हणजे बाकीचा कुठून तरी बाहेर पडतोय, कदाचित तुमच्या अंगातून. ३० मिलिअँपची गळती झाली की ३०० मिलिसेकंदांच्या आत तो तुटायला हवा, गळती मोठी असली तर त्याहून कितीतरी लवकर. यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याला काम करायला अर्थच्या वायरीची गरज नाही. म्हणून दोन वायरींच्या घरातही तो उपयोगी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतही घरगुती जोडणीसाठी हाच ३० मिलिअँपचा आकडा आहे. १०० चा स्वस्त मिळाला म्हणून आणू नका, तो माणसासाठी नाही. डबल पोल, २५ किंवा ४० अँपचा, मेन स्विचच्या क्षमतेप्रमाणे, आणि घरात इन्व्हर्टरवालं वॉशिंग मशीन किंवा एसी असेल तर टाइप ए मागून घ्या. चांगल्या कंपनीचा दोन-तीन हजारांच्या घरात येतो. त्याच्याबरोबर एमसीबी पाहिजेच, कारण आरसीसीबी ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट बघत नाही. आणि हे बसवतानाच तो न्यूट्रलचा किटकॅट कायमचा काढून टाका, त्याच्या जागी फ्यूज नसलेली लिंक किंवा दोन्ही वायरी एकदम तोडणारा डबल पोल स्विच.

आता त्याच्या मर्यादा. अर्थ नसेल तर गळती असूनही तो शांत बसतो, कारण करंटला बाहेर जायला वाटच नसते, कोणीतरी हात लावला की वाट मिळते आणि मग तुटतो. म्हणजे झटका बसणार, फक्त क्षणभराचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम पकडले तर तो काहीच करत नाही, त्याच्या लेखी तुम्ही म्हणजे एक बल्ब. तुमच्या त्या फिल्टरवाल्या झिणझिण्या पण थांबणार नाहीत, त्या ३० मिलिअँपच्या खूप खाली असतात. आणि सॉकेटमधे लूप असेल तर बॉडीवर उतरलेला करंट न्यूट्रलनेच परत जातो, हिशोब बरोबर लागतो, आरसीसीबी आंधळा होतो. लूप काढा म्हणतोय त्याचं हे आणखी एक कारण.

जुन्या घरात आरसीसीबी बसवला की पहिल्या दिवशी हमखास ट्रिप मारतो. मग फोन येतो, पीस खराब आहे. पीस खराब नसतो. एक तर कुठेतरी खरीच गळती असते, नाहीतर न्यूट्रल उसना घेतलेला असतो, म्हणजे हॉलच्या दिव्याला फेज हॉलचा आणि न्यूट्रल शेजारच्या भाडेकरूच्या लाइनचा, पूर्वी एक घर होतं नंतर दोन केली त्यात असे प्रकार होतात. एकेक सर्किट बंद करून शोधावं लागतं, कधी कधी अख्खा दिवस जातो. वैतागून वायरमन तो डायरेक्ट करून देतो, डबी भिंतीवर तशीच, बटन तसंच, आतून बायपास. म्हणून काम झाल्यावर त्याच्यासमोरच टी लिहिलेलं टेस्ट बटन दाबून बघा, आणि पुढे महिन्यातून एकदा दाबत जा. बटन दाबून घर बंद झालं नाही तर समजा काय ते.

आता अर्थिंग. आधी खाली मीटरपाशी जाऊन बघा. नियमाप्रमाणे वीज कंपनीने तिथे अर्थचं टर्मिनल द्यायचं असतं, आणि जुन्या बिल्डिंगमधे बऱ्याचदा आठ नंबरची जस्ताची तार मीटरबोर्डापासून भिंतीवरून खाली जमिनीत गेलेली दिसते. ती तार जिथे फरशीत शिरते तिथे हात लावून बघायची (आधी टेस्टर लावून, मग हात). गंजून तुटलेली असते, वरून रंग मारल्यामुळे अखंड दिसते पण हलवली की डुलते. ती तेवढी दुरुस्त झाली आणि खालचा अर्थिंगचा खड्डा चांगला निघाला तर निम्मं काम झालं.

नाहीतर नवीन खड्डा. त्याची पारंपरिक पद्धत म्हणजे जस्ताचा ४० मिमीच्या आसपासचा पाइप, निदान अडीच मीटर लांब, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला नरसाळं आणि झाकण. हल्ली केमिकल अर्थिंग म्हणून भरणीची पूड मिळते, ती ओल धरून ठेवते, मीठ पाइप खातं तसं ती फारसं खात नाही, मला तीच बरी वाटते. पुण्यात अडचण अशी की बऱ्याच ठिकाणी थोडं खणलं की मुरूम आणि काळा दगड लागतो, मग दोन-तीन इलेक्ट्रोड लांब लांब टाकून जोडावे लागतात. कोकणात जांभा पाणी धरत नाही. काळ्या मातीत पावसाळ्यात रीडिंग सुंदर येतं आणि मे महिन्यात जमिनीला भेगा पडल्या की बोंब. म्हणून माप घ्यायचं ते उन्हाळ्यात, आणि अर्थ टेस्टर लावून घ्यायचं, नुसतं "चांगलं झालंय साहेब" यावर पैसे द्यायचे नाहीत.

आणि एक गैरसमज. अर्थिंग केलं की आरसीसीबीची गरज नाही असं बरेच जुने वायरमन सांगतात. आकडेमोड बघा. समजा खड्ड्याचा रेझिस्टन्स २० ओहम आला, खडकाळ जागेत हे काही जगावेगळं नाही. गिझरचा फेज बॉडीला लागला तर करंट जाणार २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँप. १६ चा एमसीबी याला ओळखही दाखवणार नाही. बॉडीवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज तसंच, आणि वर अडीच किलोवॅट रात्रंदिवस जमिनीत, ते बिलात दिसेल तेव्हा कळणार. आरसीसीबी असता तर बॉडीला फेज लागल्याक्षणी, कोणी हात लावायच्या आधीच, तुटला असता. दोन्ही एकत्र असतील तरच काम चोख.

घरात अर्थची वायर फिरवायला भिंती फोडायची गरज नाही. मीटरपासून वर हिरवी तांब्याची वायर, अडीच स्क्वेअर एमएम, पीव्हीसीच्या पट्टीतून, जिन्याच्या कडेने. घरात स्कर्टिंगच्या वरून. आणि सगळ्या सॉकेटना एकदम न्यायची नाही, आधी गिझर, वॉशिंग मशीन, फ्रिज, आणि इस्त्री-मिक्सर जिथे लावता ते ओट्याजवळचं सॉकेट. चार पॉइंट. एवढं झालं की ऐंशी टक्के धोका गेला असं मी धरतो, हा आपला माझा अंदाज. हॉलमधे टीव्ही, मोबाइलचे चार्जर, त्यांना चौकोनात चौकोन अशी खूण असते, म्हणजे डबल इन्सुलेशन, त्यांना अर्थ लागतच नाही. तिथे जुनी टू पिन सॉकेट राहू देत, काही बिघडत नाही. उलट अर्थ नसलेलं थ्री पिन सॉकेट जास्त वाईट, कारण ते खोटं बोलतं. अमेरिकेतल्या वायरिंगच्या नियमांत जुन्या घरांसाठी हीच वाट दिलीय, अर्थ नसलेल्या जागी आपल्या आरसीसीबीसारखं जीएफसीआय लावून तीन पिनांचं सॉकेट बसवता येतं, पण त्यावर अर्थ नसल्याचं लेबल चिकटवायला लागतं. आपणही "अर्थ नाही" एवढं मार्करने लिहायला काय हरकत आहे. आणि तिकडे विदर्भातले नातेवाईक असतील तर त्यांना हेच कूलरबद्दल सांगा, लोखंडी पत्रा, आत पाणी, बाहेर ओली फरशी, दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात आणि महावितरण दर उन्हाळ्यात अर्थिंग तपासा म्हणून आवाहन करत असतं.

काम झाल्यावर तपासायचं कसं, कारण फसवणूक इथेच होते. नुसत्या मल्टिमीटरवर जाऊ नका, अर्थची वायर हवेत लटकत असली तरी तो साठ, नव्वद असं काहीतरी दाखवतो. जुना उपाय साठ किंवा शंभर वॅटचा बल्ब, एक टोक फेजला, एक अर्थला. चांगल्या अर्थवर तो फेज-न्यूट्रल इतकाच लख्ख पेटायला हवा. मात्र आरसीसीबी असेल तर तो लगेच तुटेल, ते बरोबरच आहे, उलट तीच पावती. आणि ही टेस्ट करताना घरात कोणीही फ्रिज-मशीनला हात लावून उभं नको, कारण अर्थ खोटा निघाला तर बल्बमधून आलेला फेज त्या हिरव्या वायरीने सगळ्या बॉडींवर पसरतो. हे वायरमननेच करायचं, तुम्ही बघत उभे राहा.

पण लूप मारलेला असेल तर बल्बही लख्खच पेटतो! तो पकडायचा असा, इस्त्री लावून लोड टाका आणि न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज बघा. खऱ्या अर्थवर एक-दोन व्होल्ट काहीतरी दिसतंच, अगदी शून्य आलं तर संशय घ्या. मग मेन बंद करून, न्यूट्रल मेनपाशी सोडवून, दोन्हींत कंटिन्युइटी बघायची. मीटर पीं वाजला तर कुठल्यातरी बोर्डात तो एक इंचाचा तुकडा लपलाय.

तुमच्या मशीनचं निदान त्याच फेरीत होईल. टॉप काढून त्याच्या अर्थ पिनपासून फेज-न्यूट्रल पिनांपर्यंत ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायचा, एक मेगाओहमच्या वर आलं तर मशीन ठीक, झिणझिण्या फिल्टरच्या आहेत आणि अर्थ मिळाला की जातील. खाली आलं तर कंपनीचा माणूस बोलवा, वॉरंटीत आहे. आणि परवाना असलेलाच वायरमन घ्या, ज्याच्याकडे मेगर आणि अर्थ टेस्टर स्वतःचे आहेत. फोनवरच विचारा. "मेगर कशाला, टेस्टर आहे की" म्हणाला तर पुढचा नंबर लावा.

तुम्हाला एकच विचारायचंय, वडिलांना सांगून मेन स्विच बंद करून झाकण उघडून बघायला लावा की किटकॅट एक आहे का दोन, आणि मीटरखालची ती जस्ताची तार फरशीपाशी शाबूत आहे का. तेवढं कळलं की खड्डा नवीन लागेल की नाही ते सांगता येईल.